वाळूच्या गोट्यांचा माग

दगड फुटला मंगळवारी आणि धारवालीला ते कळलं गुरुवारी. मधले दोन दिवस ती तापानं अंथरुणाला खिळली होती आणि तिच्या थोरल्या भावानं दोन्ही तुकडे ओल्या पोत्यात गुंडाळून कपाटाखाली सरकवून ठेवले होते. ताप उतरल्यावर ती दुकानात आली, लाकडी घोडीवरची रिकामी खाच तिनं पाहिली आणि काही न विचारता खाली वाकून पोतं बाहेर ओढलं. आपल्या माणसानं वस्तू कुठं लपवली असेल हे शोधायला वेळ लागत नाही.

"हातातून निसटला," दादा म्हणाला. "धुवायला उचलला होता."

"धुवायला?"

"हो. धुवायला."

ती गप्प बसली. दादा पन्नाशी ओलांडलेला, गोल चेहऱ्याचा, दिवसभर गिऱ्हाइकांशी गप्पा हाणणारा माणूस. त्याला शिव्या चालल्या असत्या. बहिणीच्या गप्प बसण्याची मात्र त्याला लहानपणापासून धास्ती होती.

"अगं, दगडच होता ना शेवटी," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला वाटलं, हे गिळलं असतं तर बरं झालं असतं.

दुकान म्हणजे एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखालची खोली. वर चढणाऱ्यांचे पाय दोघांच्या डोक्यावरून जायचे, आणि पावलांवरून कोण आलं, कोण गेलं, कोण भांडून चाललंय, हे दोघांना न बघता कळायचं. पुढं दादाचं टेबल: तो सैल मुठी घट्ट करायचा, कात्र्यांचे खिळे बदलायचा, हत्यारं कागदात बांधून द्यायचा. मागं, खिडकीच्या उजेडात, धारवालीची घोडी. त्या घोडीवर गेली पन्नास वर्षं एकच निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, होता. हातभर लांब, वीतभर रुंद, फिकट राखाडी, आणि अंगावर केसाएवढ्या बारीक, गंजाच्या रंगाच्या रेघा. पाण्यानं भिजवून त्यावर पातं फिरवलं की असा आवाज यायचा, जणू शेजारच्या खोलीत कुणी तान्ह्या बाळाला 'श्श, श्श' करतंय. तिला त्या आवाजात कधी कधी जागेपणीच पेंग यायची, पण हात चालूच राहायचे आणि धार बिनचूक उतरायची.

तो दगड अप्पांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी आणला होता. कुठून, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं की ते म्हणायचे, "नदीनं दिला." धार लावायला त्यांनी शिकवलं ते मुलीलाच. "दादाचा हात जड आहे, चिमणीचा हात पाण्यासारखा," असं ते चारचौघांत म्हणायचे. चिमणी पुढं भावापेक्षा टीचभर उंच झाली तरी चिमणीच राहिली. अप्पांना जाऊन आता एकोणीस वर्षं झाली होती.

दादानं बाजारातून कारखान्यातले दोन दगड आणले, एक निळा आणि एक पांढरा. दोन्ही अंगानं गुळगुळीत, चौकोनी, एकसारखे. चार दिवसांनी न्हावी वस्तरे परत घेऊन आला.

"दाढी होते हो," तो म्हणाला, "पण गाल रडतो."

मग शिंपी आला. मग उपाहारगृहातला स्वयंपाकी. कुणी आवाज चढवला नाही. वर्षानुवर्षांची माणसं ती. पण प्रत्येकानं काउंटरवर हत्यार ठेवताना तिच्याकडं असं पाहिलं, जणू घरात आजारी माणूस आहे.

पुढच्या आठवड्यात भूगोलाच्या बाई आल्या. त्या शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि आता घरी बसून जुन्या पुस्तकांना पुठ्ठे बांधायच्या. कात्री द्यायला आल्या आणि खिडकीत ठेवलेल्या दोन तुकड्यांपाशीच थबकल्या. पिशवीतून त्यांनी भिंग काढलं, फुटलेली बाजू उजेडाकडं धरली आणि इतका वेळ बघत राहिल्या, की दादानं दुसऱ्यांदा विचारलं, "बाई, बसता का?"

"अगं, तू हे कधी पाहिलंस का?" त्या धारवालीला म्हणाल्या.

"चाळीस वर्षं तेच बघतेय."

"बाहेरून. आतून पाहा."

तिनं भिंग डोळ्याला लावलं. आधी नुसता धुरकट उजेड. मग दगड हळूहळू जवळ आला आणि उलगडला. तो दगड नव्हताच. तिथं दाणे होते, हजारो, प्रत्येक वेगळा, साखरेसारखे अर्धपारदर्शक, एकमेकांच्या कुशीत दाटीवाटीनं बसलेले. मधूनमधून एखादा दाणा उजेड पकडून लुकलुकायचा. गंजाच्या रेघेपाशी दाण्यांभोवती तांबूस साय धरली होती. तिला वाटलं, आपण खूप उंचावरून एक किनारा बघतोय आणि तिथं कुणीच नाही.

"वाळू," ती म्हणाली.

"वाळूच. म्हणून वाळूचा दगड. पुस्तकात त्याला वालुकाश्म म्हणतात, पण तो शब्द उच्चारला की मुलं झोपायची." बाई हसल्या. "कधीतरी ही सगळी सुटी होती. संथ पाण्यानं आणून ठेवली, थरावर थर. मग दाण्यांच्या फटींतून पाणी झिरपत राहिलं आणि त्या पाण्यात विरघळलेली गार, म्हणजे गारगोटीचंच द्रव्य, दाण्यांना चिकटत गेली. बघ, फुटलाय तो दाण्यांच्या कडेकडेनं. दाणे अख्खे आहेत. गारगोटी असती तर काचेसारखी आरपार फुटली असती."

"आणि धार लागते ती कशानं?"

"दाणे बारीक आहेत आणि सगळे एका मापाचे. चाळून घेतल्यासारखे. असा थर रोज रोज सापडत नाही." मग बाईंनी विचारलं, "अप्पा काय म्हणायचे? कुठला हा?"

"नदीनं दिला म्हणायचे."

"मग नदीलाच विचारू या की."

दादानं टेबलावरून मान वर केली, काहीतरी बोलणार होता, पण बहीण आपल्याकडं बघत नाहीये हे पाहून पुन्हा मुठीतला खिळा ठोकू लागला.

सुट्टीच्या दिवशी दोघी पुलाखाली उतरल्या. नदी उथळ होती, काठावर गोट्यांचा पसारा. धारवाली आजवर त्यावरून शेकडो वेळा चालली असेल. गोटे म्हणजे चपलेला टोचणारी गोष्ट. आता बाईंनी तिला बसायला लावलं आणि डोळे मिटून शंभर गोटे एकापाठोपाठ एक उचलायला सांगितले.

"डोळे मिटून?"

"नाहीतर माणूस छान छान तेवढेच उचलतं."

ते शंभर गोटे वेगळे करताना दुपार कलली. काळे, जड, अंगावर बारीक भोकं असलेले फत्तर एका ढिगात. पांढऱ्या गारगोट्या दुसऱ्या ढिगात. त्यांच्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो तसाच टपोरा बसून राहायचा. राखाडी चुनखडी फसवी होती, दिसायला थेट त्यांच्या दगडासारखी. पण बाईंनी तिच्यावर खिळ्यानं ओरखडा काढला, त्या भुकटीवर बाटलीतला व्हिनेगर टाकला, आणि बारीक बुडबुडे उठले. "ही आपली नव्हे. ही बोलते. आपला गप्प बसतो."

"माझ्यासारखा," धारवाली म्हणाली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच हसली.

उरलेले वाळूचे. त्यातही जाती होत्या. काही तांबडे, भरड, अंगठ्यानं चोळलं तरी दाणे सुटणारे. त्यांच्यावर टाकलेला थेंब तीन मोजेपर्यंत आत गडप व्हायचा. अप्पांच्या दगडाचा तुकडा तिनं सोबत आणला होता. त्यावर थेंब जिरायला अकरा आकडे लागत. ती एकेक गोटा मांडीवर घेऊन, थेंब टाकून, ओठांतल्या ओठांत मोजत राहिली. ऊन पाठीवर होतं, पाणी वाहत होतं, आणि मोजता मोजता तिला कळेना, आपण थेंब मोजतोय की नदी आपल्याला मोजतेय.

शेवटची परीक्षा तिची स्वतःची होती. तिनं खिशातला छोटा चाकू काढला आणि ओल्या गोट्यावरून अलगद ओढला. कान लावून ऐकलं. बाजूला ठेवला. दुसरा ओढला. तिसरा ओढल्यावर तिचा हात थांबला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"श्श," ती म्हणाली. ती बाईंना गप्प करत नव्हती, तोच तो आवाज होता.

शंभरात असे तीन निघाले. सुपारीएवढे, पूर्ण गोल, रेघा असलेले. बाईंनी वहीत लिहिलं: पूल, तीन.

"इतके गोल म्हणजे लांबून आलेत," त्या म्हणाल्या. "जसजसं वर जाऊ तसे ते संख्येनं वाढतील, आकारानं मोठे होतील, आणि कंगोरे दिसायला लागतील. आणि मग एका जागी अचानक संपतील. ते जिथं संपतील त्याच्या जरासं अलीकडं आपल्या दगडाचं घर."

पुढचे दोन महिने दोघी दर सुट्टीला बस पकडून आदल्या खेपेच्या जागी उतरायच्या आणि तिथून प्रवाहाच्या उलट चालायच्या. पाव, उकडलेली अंडी, चहाचा थर्मास. गिरणीमागं पाच. बंधाऱ्यावर आठ. दोन ओढे मिळतात तिथं त्यांनी दोन्हीकडं शंभर शंभर मोजले: उजवीकडं एकही नाही, डावीकडं चौदा. त्या दिवशी धारवालीला घरी जावंसंच वाटेना. डाव्या ओढ्याचं पाणी घोट्यापर्यंतच होतं. त्यातून चालताना पायाखालचे गोटे हलायचे, एकमेकांवर घासायचे, आणि तिला वाटायचं, हे इथं खालीसुद्धा दिवसरात्र पाजवणंच चाललंय. कुणाचं हत्यार, ते मात्र दिसत नाही.

घरी दोघं बहीणभाऊ एकाच टेबलावर जेवायचे. "मीठ दे." "घे." एवढंच. दादा मात्र तिच्या पिशवीतून टेबलावर सांडलेले गोटे ती झोपल्यावर हाताळून बघायचा. सकाळी ते तिनं ठेवले त्याच्यापेक्षा वेगळ्या ओळीत असायचे, लहानापासून मोठ्यापर्यंत. तिनं ते पाहिलं, आणि तसेच राहू दिले.

मग माग हरवला. डाव्या ओढ्याच्या वरच्या अंगाला, एका वळणावर, शंभरात बावीस गोटे निघाले, मुठीएवढे, कंगोरेदार. पुढच्या वळणावर एकही नाही. दोघी उलट फिरल्या. मधला काठ दोनशे पावलांचा. एका बाजूला गवताची उतरण, दुसऱ्या बाजूला झाडोरा आणि वेलींची जाळी. त्यांनी तो काठ तीनदा पालथा घातला. चौथ्यांदा बाईंचा पाय निसटला आणि गुडघा सुजला.

बाईंना घरी न्यायला दादा बसथांब्यावर आला, तेव्हा त्या त्याच्याकडं वळल्या. "पुढच्या खेपेला तुम्ही यायचं. मी काठावर बसून वही धरीन. काठी म्हणून तुमचा खांदा हवाय मला."

"बाई, दुकान..."

"सुट्टीच्या दिवशी कसलं दुकान?"

त्यामुळं पुढच्या खेपेला तिघं गेले. बसमध्ये दादा बहिणीच्या मागच्या आसनावर बसला. ओढ्यावर पोचल्यावर त्यानं बाईंना सावलीत बसवलं, चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडून बसला. धारवाली पलीकडच्या जाळीत घुसली होती. काटक्या मोडल्याचा आवाज येत होता. हवा इतकी स्तब्ध होती की पाण्यावरची पानंसुद्धा वाहायचं विसरल्यासारखी वाटत होती.

"चिमणे," दादानं एकदम हाक मारली. कित्येक आठवड्यांत तिनं त्याच्या तोंडून हे नाव ऐकलं नव्हतं.

ती बाहेर आली. केसांत पानं अडकलेली.

"इथं एक भिंत होती," तो म्हणाला. त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते. "घड्या घातलेल्या चादरींची चवड असते ना, तशी. पांढरी, करडी, तांबूस. मी उंचावर बसलोय, आणि माझ्या पायांच्या मध्ये कुणाचं तरी डोकं आहे."

"कुणाचं?"

"केसांत पांढरी भुकटी होती. माझे हात भरले होते त्या भुकटीनं. मला वाटायचं, हे स्वप्नच आहे माझं. लहानपणापासून पडतं."

"आणि तू आज सांगतोयस?"

"स्वप्नाचं काय सांगायचं? आणि तू बोलत कुठं होतीस माझ्याशी?"

बाई वहीत बघत राहिल्या, जणू त्यांना ऐकूच आलं नाही.

"उंचावर म्हणजे किती?" धारवालीनं विचारलं.

"अप्पांच्या खांद्याएवढं." तो उठला, पाण्यातून पलीकडं गेला आणि जाळीसमोर उभा राहिला. मग दोन पावलं डावीकडं सरला, परत एक उजवीकडं. "इथं असेल तर इथंच. ऊन असंच डाव्या गालावर होतं."

जाळी चांगली पुरुषभर जाड होती. दादानं दोन्ही हातांनी वेली धरून ओढल्या. मुळं तटतट तुटली, मातीचा एक लोंढा खाली आला, आणि मागं भिंत दिसली.

चादरींची चवडच होती ती. थरावर थर, काही बोटभर, काही हातभर. आणि काही थरांच्या आत तिरप्या रेघा, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. बाई लंगडत लंगडत पाण्यातून आल्या, कुणाचा आधार न घेता. "या तिरप्या रेघा म्हणजे प्रवाह," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "पाणी या बाजूनं त्या बाजूला वाहत होतं. हा ओढा नव्हे. ही याच्या कितीतरी आधीची नदी, तिला कुणी पाहिलेलं नाही."

कमरेच्या उंचीवर, दोन तांबड्या भरड थरांच्या मध्ये, एक फिकट राखाडी थर होता. जेमतेम दोन विती जाड. अंगावर गंजाच्या बारीक रेघा. त्याच्या कडेला एका ओळीत सात भोकं होती, पाचर ठोकण्यासाठी पाडलेली. दादानं एका भोकात बोट घातलं आणि ते तसंच राहू दिलं.

"चिमणे, मी तो धुवायला नव्हता उचलला."

"माहीत आहे."

"कसं?"

"न्हाव्याच्या एका वस्तऱ्याचं पातं एका बाजूनं खाल्लेलं होतं. तुझ्याशिवाय इतकं दाबतं कोण?"

तो हसला नाही. "न्हावी अडून बसला होता. तू तापात बरळत होतीस. म्हटलं, एक तरी वस्तरा करून बघू. अप्पांनी कधी हातच लावू दिला नाही. दोन वेळा फिरवला, तिसऱ्यांदा घोडीसकट सगळंच कलंडलं." मग तो म्हणाला, "पण दोनदा तो आवाज आला होता, बरं का. अगदी तुझ्यासारखा नाही. पण आला होता."

धारवाली त्याच्याजवळ आली आणि तिनं शेजारच्या भोकात बोट घातलं. बाईंना खोकला आला होता, तो त्यांनी दाबून धरला.

पुढच्या सुट्टीला ते पहार, छिन्नी आणि लोखंडी पाचरी घेऊन आले. काम दादाचं होतं. धारवालीनं छिन्नी धरून पाहिली होती, पण तिच्या हातून दगडाला नुसत्या गुदगुल्या झाल्या. दादाचा घाव खोल, सरळ आणि संथ पडायचा. एका पाचरीवर एक घाव, मग दुसरीवर, मग तिसरीवर, पुन्हा पहिल्यापासून. तास गेला. मग दगडाच्या आतून बारीक, कोरडा आवाज आला, आणि थर उघडला, पुस्तक उघडावं तसा.

आतल्या पानावर लाटा होत्या.

खऱ्या लाटा. उथळ पाण्याखालच्या वाळूवर उमटतात तशा, बोटाएवढ्या, एकामागं एक, थोड्या वाकड्या, कडेला एकमेकींत मिसळलेल्या. दगड ओलसर होता, म्हणून त्या आत्ताच उमटल्यासारख्या दिसत होत्या. धारवालीनं तळवा टेकवला. लाटा हाताला लागत होत्या, थंडगार, आणि तिला वाटलं, आपण हात उचलला तर पाणी परत येईल, आपल्या पावलांवरून, बाईंच्या वहीवरून, दादाच्या घामेजल्या मानेवरून अलगद चढत जाईल, आणि कुणालाच त्याची भीती वाटणार नाही.

"हा नको घ्यायला," ती म्हणाली.

"रुंदीला मस्त आहे," दादा म्हणाला. "एक बाजू घासून सपाट केली की झालं."

"घासायचाच नाहीये हा."

दादानं तिच्याकडं पाहिलं, मग दगडाकडं. "बरं," तो म्हणाला. लाटांची शिळा त्यानं उताणी करून भिंतीच्या पायथ्याशी टेकवून ठेवली आणि त्याखालच्या सपाट पट्टीवर नव्यानं छिन्नी लावली. संध्याकाळपर्यंत हातभर लांबीचा तुकडा निघाला. त्यानं तो स्वतःच्या सदऱ्यात गुंडाळून खांद्यावर घेतला आणि बनियनवरच बसमध्ये चढला. कंडक्टरनं विचारलं, "बाळ आहे का?" तर दादा म्हणाला, "हो, वय जरा जास्त आहे."

तुकडा सपाट करायला तीन आठवडे लागले. सपाट फरशीवर ओली वाळू पसरून त्यावर तो गोल गोल फिरवायचा, सकाळी एक तास बहिणीनं, संध्याकाळी एक तास भावानं. नवा निसणा जुन्यापेक्षा किंचित भुकेला निघाला. त्याला पाणी जास्त लागायचं आणि नऊ मोजेपर्यंतच थेंब जिरायचा. न्हाव्यानं पहिला वस्तरा स्वतःच्याच गालावर चालवून पाहिला आणि उरलेले पाच काउंटरवर ठेवले.

आता सकाळी दुकान उघडल्यावर पहिला तास घोडीवर दादा बसतो. भाजी चिरायच्या सुऱ्या पाजवतो, त्याही घरगुतीच. धारवाली मागं उभी राहून त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवते. दाब वाढला की बोटांना कळतो. पातं फिरतं तसं दगडातून राखाडी पाणी निघतं आणि घोडीखालच्या थाळीत साचतं. परवा ती थाळी बाहेरच्या गटारात रिकामी करायला दादा गेला, तो बराच वेळ आलाच नाही. तिनं डोकावून पाहिलं. तो उकिडवा बसून गटाराच्या पाण्यात बघत होता.

"काय बघतोयस?"

"दाणे सुटलेत," तो म्हणाला. "चाललेत खाली."

ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली. डोक्यावर जिन्यात कुणाची तरी पावलं वाजत होती, आणि राखाडी पाणी हळूहळू कोपऱ्यावरून वळून नदीच्या दिशेनं जात होतं.